आपत्ती वैद्यकाचं पदव्युत्तर शिक्षण: कॅज्युअल्टीत काम करणाऱ्यांना त्यात नवीन काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या डॉक्टरांचं इमर्जन्सी मेडिसिनमधलं पदव्युत्तर शिक्षण झालंय, चार वर्षं त्या कॅज्युअल्टीत आहेत. आयसीयूतली त्यांची एक नर्स मैत्रीणही सोबत आहे. दोघींना आपत्ती वैद्यकाचा अभ्यासक्रम करायचा आहे. रोज जखमी पाहणाऱ्याला त्यात नवीन काय मिळणार, अभ्यासक्रम निवडायचा कसा आणि केल्यावर पुढे काय, असे तीन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नावर जरा जास्त वेळ घेतो, कारण तिथे माझाही गैरसमज होता. एका रात्री चार गंभीर जखमी सांभाळता आले की वेळ पडल्यास चाळीसही सांभाळू, फक्त दहापट धावावं लागेल, असं मला खरंच वाटायचं. पण आपत्ती जखमींच्या संख्येवर ठरत नाही. गरज किती आणि हातात काय, यांत जी तफावत पडते तिच्यावर ठरते. उलटलेल्या बसमधले वीस जखमी मोठ्या ट्रॉमा सेंटरसाठी एक वाईट रात्र असते, तर दोन डॉक्टरांच्या दवाखान्यासाठी तीच आपत्ती. तफावत पडली की रोजचा नियम, म्हणजे समोरच्या रुग्णासाठी शक्य ते सगळं करायचं, हाच नियम उलटा फिरतो. समोरच्यावर सगळं ओतलं की मागच्या दहांना काही उरत नाही.

हे वाचून पटतं, अंगात मुरत नाही. माझ्या अंगात ते कसं मुरलं ते सांगतो. अभ्यासक्रमातला पहिला मोठा सराव होता. रंगवलेल्या जखमांचे साठेक ‘रुग्ण’, प्रत्येकाच्या गळ्यात नाडी-श्वासाचं कार्ड, आणि मी हॉस्पिटल कमांडर, म्हणजे रुग्णालयाचे सगळे निर्णय ज्याच्याकडे येतात तो. सुरुवातीची पंधरा मिनिटं बरी गेली. मग शेजारच्या ट्रॉलीवर एक रुग्ण आला. कार्डावर लिहिलेलं: श्वास ४०, उजव्या बाजूला हवा जात नाही, मानेच्या शिरा फुगलेल्या. टेन्शन न्यूमोथोरॅक्स, म्हणजे छातीत कोंडलेली हवा फुफ्फुस आणि हृदय दाबतेय. समोरचा ज्युनियर सुई हातात धरून चाचपडत होता. मला राहवलं नाही. कमांडरच्या जॅकेटसकट गेलो, सुई घातली (अर्थात पुतळ्याच्या छातीत), नळीची तयारी करून दिली, परत आलो. मधल्या वेळात ऑपरेशन थिएटरनं दोनदा विचारलं होतं, आधी कोणाला घेऊ? रक्तपेढीला उत्तर हवं होतं. ॲम्ब्युलन्स कंट्रोल विचारत होतं, पुढचे अकरा तुमच्याकडे पाठवू की दुसरीकडे वळवू? वायरलेस टेबलावर पडलेला. कुणी उत्तर देईना, म्हणून अकराही आमच्याकडे आले. परीक्षकाच्या वहीत माझ्या नावापुढे एकच ओळ होती: ‘एक रुग्ण वाचला. कमांडर सहा मिनिटं बेपत्ता.’

तुमच्यासारख्या, हात चांगला असलेल्या डॉक्टरांना हेच सगळ्यात जड जातं. हात खिशात ठेवणं. चांगला अभ्यासक्रम वर्षभर हीच एक गोष्ट वेगवेगळ्या वाटांनी शिकवत राहतो.

त्यामागची चौकट रुग्णालयातून आलेली नाही, ही गंमत. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात लागलेल्या वणव्यांत वेगवेगळी अग्निशमन दलं एकाच आगीवर धावली. प्रत्येकाची भाषा वेगळी, वायरलेसची वारंवारता वेगळी, हुकूम कोणाचा चालणार ते ठरलेलं नाही. त्यातून इन्सिडेंट कमांड सिस्टीम उभी राहिली, आणि पुढे तिचं रुग्णालयांसाठीचं रूप आलं. एका माणसाच्या हाताखाली साधारण पाच माणसं, फार तर सात. प्रत्येकाला एकच वरिष्ठ. पदाचं नाव जॅकेटवर, कारण रात्री अडीचला कोण कुठला ते कुणालाच ओळखू येत नाही. घटनास्थळावरून पहिला निरोप ठरलेल्या क्रमानं: मोठी घटना जाहीर, नेमकी जागा, प्रकार, धोके, जाण्या-येण्याची वाट, जखमींचा आकडा, कोणती दलं पोहोचली आणि कोणती हवीत. इंग्रजीत याला ‘मिथेन’ म्हणतात, आद्याक्षरांवरून. हे कंटाळवाणं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण आपत्तीनंतरचे अहवाल काढून बघा, औषध कमी पडल्याच्या तक्रारीपेक्षा निरोप न पोहोचल्याची तक्रार जास्त वेळा दिसेल.

आता ट्राएज, म्हणजे आधी कोणाला घ्यायचं हे ठरवायला जखमींची केलेली वर्गवारी. अर्ज करणाऱ्या बहुतेकांना वाटतं, अभ्यासक्रम म्हणजे मुख्यतः हेच. स्टार्ट ही पद्धत १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचच्या अग्निशमन दलानं आणि होग हॉस्पिटलनं बसवली. चालता येतंय तो हिरवा, म्हणजे थांबू शकणारा. श्वास मिनिटाला ३० च्या वर, नख दाबल्यावर रंग परतायला २ सेकंदांहून जास्त, किंवा साधी सूचना पाळता येत नाही, यातलं काहीही असलं की लाल, म्हणजे सगळ्यात आधी. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास नाही तो काळा. बाकीचे पिवळे. माणसामागे मिनिटभरही लागत नाही, आणि शिकायला अर्धा तास पुरतो. तेवढ्यासाठी वर्ष घालवू नका.

अवघड भाग त्याच्या पुढे सुरू होतो. स्फोटातल्या जखमींकडे पाहताना भीतीपोटी आपण सगळ्यांनाच लाल ठरवतो. वाटतं, जास्त काळजी घेतली तर बिघडलं काय? बिघडतं. वेगवेगळ्या बॉम्बस्फोटांच्या नोंदी शेजारी ठेवून फ्रायकबर्ग या सर्जननी दाखवलं की अशा जादा वर्गीकरणाचं प्रमाण जिथे वाढतं, तिथे खऱ्या गंभीर जखमींचे मृत्यूही वाढतात. कारण थिएटरच्या दारात त्यांच्यापुढे किरकोळ जखमांचे लोक उभे असतात. शिवाय ट्राएज एकदा करून संपत नाही. दर थोड्या वेळानं पुन्हा करावं लागतं, कारण पिवळा माणूस कोपऱ्यात बसल्या बसल्या गुपचूप लाल होतो. आणि ज्याचा श्वास चालू आहे पण वाचण्याची आशा नाही म्हणून बाजूला ठेवला, त्याच्याजवळ कुणीतरी बसायला हवं, वेदनाशामक द्यायला हवं. हे काम कोण करणार, याची ओळ आराखड्यात आहे का? मी पाहिलेल्या बहुतेक आराखड्यांत नव्हती.

आणखी एक. रुग्ण तुमच्या आकृतीप्रमाणे येत नाहीत. २० मार्च १९९५ ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडला गेला, तेव्हा सेंट ल्यूक्स या एकट्या रुग्णालयात पहिल्या दिवशी ६४० माणसं आली. ॲम्ब्युलन्सनं आलेले थोडे. बाकीचे पायी, टॅक्सीत, कुणाच्या तरी गाडीत. घटनास्थळी कुणाचेही कपडे काढून अंग धुतलेलं नव्हतं, आणि अंगावरच्या वाफेचा त्रास रुग्णालयातल्या शंभरेक कर्मचाऱ्यांनाही झाला. नुसते बाहेरचे कपडे उतरवून पिशवीत बांधले असते तरी त्रास बराच टळला असता. २०१७ च्या लास व्हेगासमधल्या गोळीबारानंतरही जवळच्या ट्रॉमा सेंटरच्या दारात दोनशेहून जास्त जखमी येऊन पडले, कितीतरी अनोळखी माणसांच्या गाड्यांतून. म्हणजे ‘ट्राएज आणि सफाई घटनास्थळी होईल, आमच्याकडे लेबल लावलेले रुग्ण येतील’ असं ज्या आराखड्यात लिहिलंय, तो आराखडा पहिल्या दहा मिनिटांतच फाटतो. ट्राएज दारात करायची तयारी लागतेच.

सेंट ल्यूक्सचीच दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तिथले प्रमुख डॉक्टर हिनोहारा यांनी युद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत जखमींना ठेवायला जागा नसल्याचं पाहिलं होतं. म्हणून नव्या इमारतीत व्हरांड्यांच्या आणि प्रार्थनागृहाच्या भिंतींतसुद्धा त्यांनी ऑक्सिजनचे पॉइंट बसवून घेतले. इतका खर्च कशाला, असं तेव्हा म्हटलं गेलं. त्या सकाळी तीच जागा वॉर्ड झाली. माणसं, सामान, जागा आणि व्यवस्था या चार गोष्टी एकदम वाढवता आल्या तरच रुग्णालयाची क्षमता वाढते, हे सगळीकडे शिकवतात. भिंतीतला तो पॉइंट मात्र मला आजही जास्त लक्षात राहतो.

कॅज्युअल्टीवाल्यांचा सर्वात दुर्लक्षित विषय म्हणजे पहिल्या आठवड्यानंतरचं सार्वजनिक आरोग्य. वर्गात त्या तासाला निम्मे लोक फोन पाहत असतात. माझ्या मते, नवीन असं जे काही आहे ते इथेच आहे. एक गणित देतो. विस्थापितांच्या छावणीत ३०,००० माणसं आहेत. गेल्या ७ दिवसांत ४२ मृत्यू झाले. हे जास्त की कमी? अंदाजानं उत्तर देऊ नका. ४२ ला ३०,००० गुणिले ७ नं भागा: दर १०,००० माणसांमागे दिवसाला २. आणीबाणीची प्रचलित रेषा १ ची आहे, म्हणजे ही छावणी रेषेच्या दुप्पट वर आहे. आता पाणी. स्फिअरच्या, म्हणजे मदतकार्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे माणशी दिवसाला किमान १५ लिटर, म्हणजे साडेचार लाख लिटर रोज. शौचालयं सुरुवातीच्या दिवसांत ५० जणांमागे एक, म्हणजे ६००. लवकरात लवकर २० मागे एक, म्हणजे १,५००. मी हे उदाहरण देतो तेव्हा डॉक्टर हमखास विचारतात, सलाइनच्या बाटल्या किती मागवू? छावणीतले मृत्यू खाली आणणारं उत्तर त्या १,५०० शौचालयांत असतं. हे कळायला मला स्वतःला बराच वेळ लागला. गोवर आला तर तो तंबूतंबूतून पसरतो, म्हणून सहा महिन्यांवरच्या मुलांचं लसीकरण पहिल्या दिवसांतल्या कामांत येतं. सर्जिकल टीम अजून पेट्या उघडत असते तेव्हा.

गैरसमज काढणं हासुद्धा अभ्यासक्रमाचाच भाग. भूकंपात किंवा पुरात मेलेल्यांच्या प्रेतांमुळे साथ पसरते, ही समजूत डॉक्टरांमध्येही पक्की असते. दुखापतीनं मेलेली माणसं साथ पसरवत नाहीत. कॉलरा किंवा इबोलासारख्या आजारानं झालेले मृत्यू ही वेगळी गोष्ट. तरी घाईनं सामुदायिक दफन होतं आणि घरच्यांना माणूस कुठे गेला ते कधीच कळत नाही. तसंच लोक घाबरून सैरावैरा पळतात ही समजूत. समाजशास्त्रज्ञ क्वारंटेली यांनी १९६३ पासून आपल्या संशोधन केंद्रातून उलटंच दाखवलं. लोक बहुतेक वेळा शेजाऱ्याला आधी बाहेर काढतात. ढिगाऱ्याखालून जिवंत निघणारी बहुतेक माणसं गावातल्यांनीच काढलेली असतात, विमानानं आलेल्या पथकांनी नव्हे.

शुद्ध क्लिनिकल भाग कमी असतो, पण असतो. चिरडलेल्या स्नायूंमुळे मूत्रपिंड बंद पडतं, हे १९४१ मध्ये लंडनच्या बॉम्बहल्ल्यांतल्या रुग्णांवरून बायवॉटर्स आणि बील यांनी लिहिलं. हे तुम्ही एमडीला वाचलंच असेल. आपत्ती वैद्यक त्याच्या पुढचं विचारतं. १९९९ च्या तुर्कस्तानातल्या मार्मरा भूकंपात मूत्रपिंडाला इजा झालेले ६३९ रुग्ण नोंदले गेले, ४७७ जणांना डायलिसिस लागलं. एका वेळच्या डायलिसिसला शंभर लिटरहून जास्त शुद्ध केलेलं पाणी लागतं. वीज, पाणी, तंत्रज्ञ कुठून आणणार? म्हणूनच ढिगाऱ्यातून ओढून काढण्याआधीच, हाताला लागेल त्या शिरेतून सलाइन चालू करायचं यावर इतका भर असतो.

रुग्णालय रिकामं करण्याचं एक उदाहरण सांगून हा भाग सोडतो. २०११ मध्ये फुकुशिमाच्या अणुभट्टीजवळची रुग्णालयं आणि वृद्धाश्रम घाईघाईनं हलवले गेले. अंथरुणाला खिळलेली माणसं बसमध्ये तासन्‌तास, सोबत नर्स नाही, पाणी नाही. हलवताना आणि त्यानंतर लगेच पन्नासहून जास्त रुग्ण गेले. कारणं होती थंडी, शोष आणि उपचारांतला खंड. किरणोत्सारानं त्यांच्यातलं कुणी गेलं नाही. ‘बाहेर काढा’ हा आदेशही एक उपचारच असतो आणि त्याचे दुष्परिणाम असतात, हे मी आता प्रत्येक वर्गात सांगतो.

अभ्यासक्रम निवडण्याबद्दल. सर्वात परिचित म्हणजे युरोपियन मास्टर इन डिझास्टर मेडिसिन. इटलीतलं पिएमोंते ओरिएंताले विद्यापीठ आणि ब्रुसेल्सचं व्रिये विद्यापीठ मिळून तो २००० पासून चालवतात. एक वर्ष, बराचसा ऑनलाइन, मध्ये काही दिवस सगळे एकत्र राहून सराव, आणि शेवटी प्रबंध. नोकरी सांभाळून होतो, पण ‘ऑनलाइन’ शब्दाला भुलू नका, दर आठवड्याला संध्याकाळी जातात. लंडनच्या सोसायटी ऑफ अपोथिकरीजची आपत्तीतल्या वैद्यकीय सेवेची पदविका परीक्षेवर आधारित आहे. अमेरिकेत एक-दोन वर्षांच्या फेलोशिप असतात, बहुधा इमर्जन्सी मेडिसिननंतरच्या. त्यांचा कल रुग्णालयाच्या तयारीकडे आणि सरकारी यंत्रणेकडे जास्त. मिम्स आणि एमआरएमआय हे मोठ्या घटना हाताळायला शिकवणारे काही दिवसांचे कोर्स पदवी देत नाहीत. पण आधी त्यातला एखादा करा. हे काम आपल्याला झेपतं का आणि आवडतं का, ते स्वस्तात कळेल.

माहितीपत्रकातली विषयांची यादी मी पाहतच नाही, सगळीकडे तीच असते. तीन गोष्टी विचारा. वर्षात सराव किती, आणि प्रत्येक सरावानंतर चुकांची चिरफाड किती वेळ? सराव दोन तास आणि चर्चा दहा मिनिटं असेल तर ती नुसती जत्रा. वर्गात कोण कोण असतं? नुसते डॉक्टर असतील तर सोडा. नर्स, पॅरामेडिक, सामान-वाहतूक सांभाळणारे, एखादा साथरोगतज्ज्ञ हवेतच. आणि शिकवणारे स्वतःच्या चुकांबद्दल बोलतात का? एका ठिकाणी मी बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो होतो. वर्षभरात दोनशेच्या वर स्लाइड-व्याख्यानं झालेली, सराव शून्य. तोंडी परीक्षेत मुलांनी स्टार्टचे आकडे घडाघडा म्हटले. मग एकाला माझा जुना प्रसंग दिला आणि विचारलं, ‘ॲम्ब्युलन्स कंट्रोलला काय सांगशील?’ तो म्हणाला, ‘सर, आधी रुग्ण पाहतो.’ त्याला नापास करताना वाईट वाटलं, कारण चूक त्याची नव्हती.

पुढे काय, याचं उत्तर फारसं गोड नाही. बहुतेक देशांत ही स्वतंत्र, नेमणुकीची शाखा नाही. पदवी दाखवली म्हणून कुणी आपत्तीच्या ठिकाणी विमानातून नेत नाही. आणि ते बरंच आहे. २०१० च्या हैतीच्या भूकंपानंतर जगभरातून स्वतःहून धावलेल्या पथकांत काही अशी होती की त्यांच्याकडे शस्त्रक्रिया होत्या पण नोंदी नव्हत्या, अंगच्छेद केलेल्यांची पुढची सोय नव्हती, आणि स्वतःच्या पाण्याची-झोपण्याची व्यवस्थाही गावानंच करायची होती. त्या अनुभवातून जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये वैद्यकीय पथकांचे प्रकार आणि किमान निकष ठरवले, २०२१ मध्ये ते सुधारले. टाइप १ च्या, एका जागी राहून काम करणाऱ्या पथकानं दिवसाला १०० बाह्यरुग्ण पाहायचे. टाइप २ नं त्याशिवाय किमान २० खाटा आणि दिवसाला ७ मोठ्या किंवा १५ लहान शस्त्रक्रिया करायच्या. जायचं तर अशा आधीच तयार, तपासलेल्या पथकात नाव नोंदवून, त्यांच्यासोबत वर्षानुवर्षं सराव करून. एकट्यानं नाही.

बहुतेकांच्या वाट्याला मात्र स्वतःच्याच रुग्णालयाची आपत्ती समिती येते, बहुधा जादा पगाराशिवाय. आराखडा लिहायचा, फोनची यादी दर तीन महिन्यांनी खरोखर लावून तपासायची, रात्रपाळीतल्या सरावासाठी प्रशासनाशी भांडायचं. मला विचाराल तर पदवीचा नव्वद टक्के उपयोग इथेच झाला.

तुमच्या मैत्रिणीबद्दल: जरूर करावा. अनेक अभ्यासक्रमांत नर्सना थेट प्रवेश असतो, फक्त पात्रतेच्या अटी आधी नीट वाचाव्यात. खाटा, माणसं आणि सामान एकदम डोक्यात ठेवण्याची सवय आयसीयूतल्या सिस्टरला रोजची असते, आणि माझ्या सरावांत मी पाहिलेले सर्वात चांगले दोन कमांडर नर्सच होते. त्यांना सुई घ्यायला धावावंसं वाटलं नाही.

अर्ज भरण्याआधी दोघींनी एक करून पाहा. एखाद्या साध्या रात्री वॉर्डांतून फिरा आणि मोजा: आता शंभर जखमी येणार असतील तर कुठले रुग्ण दोन तासांत सुरक्षितपणे घरी किंवा खालच्या वॉर्डात जाऊ शकतील? याला उलटं ट्राएज म्हणतात. पुढचे चार दिवस रुग्णालयाबाहेर राहिला तर याला गंभीर धोका किती, हा त्यातला कळीचा प्रश्न. नुसती संख्या लिहू नका. डिस्चार्जवर सही कोण करणार, नातेवाईक येईपर्यंत रुग्णाला बसवणार कुठे, औषधं कोण देणार, तेही लिहा. प्रबंधाचा विषयही यातूनच निघेल. माझा निघाला. पाचवा भाग खाटा रिकाम्या होऊ शकतात, असं आमच्या आराखड्यात लिहिलेलं होतं आणि वॉर्डात मोजलं तर रुग्णही तेवढे भरले. पण ते प्रत्यक्षात बाहेर पडायला चार तास लागले असते, कारण रात्री औषधांची एकच खिडकी उघडी असायची आणि तिच्या कपाटाची किल्ली घरी गेलेल्या माणसाकडे होती.